ओसरीवरची सातवी

२० जुलै १९७१

ती. स्व. दादास,
साष्टांग नमस्कार.

पत्र मोठं आहे. सवडीनं वाच, आणि वहिनीला दाखवू नकोस. तिच्या डोळ्यांत लगेच पाणी येतं आणि मला आत्ता कोणाचं पाणी नको आहे.

काल मी रतनचं नाव शाळेतून काढलं. सातवीत जाऊन सव्वा महिना झाला होता. आता ती घरी शिकेल, मी शिकवीन, आणि एप्रिलात पारनेरच्या केंद्रावर बाहेरून परीक्षेला बसेल. तू राहुरीला ऑफिसात आहेस, चार लोक ओळखीचे आहेत. बाहेरून बसायचा फॉर्म कुठं मिळतो ते विचारून कळव.

का काढलं ते ऐक. आमच्या वाडीच्या शाळेत जूनपासून नवे हेडमास्तर आले आहेत. कोण, तर सूर्यभान मास्तर. तेच, जे छप्पन साली मला बघायला आले होते. आपल्याकडं बसून दोनदा चहा प्याले, मला पाढे विचारले, आणि चार दिवसांनी त्यांचा निरोप आला की मुलीची बुद्धी बेताची आहे. निरोप तूच आणला होतास. तुला आठवत नसेल. मला त्या दिवशी चुलीवर काय शिजत होतं तेसुद्धा आठवतं. मी सातवीची फायनल पास झालेली होते दादा, केंद्रात तिसरी. पण त्या दोन शब्दांनी मला जी खाली बसवली ती बसवली.

त्या वेळी मला बोलता आलं नाही. आता देवानं माणूस माझ्या दारात आणून ठेवला आहे.

परवा त्यांनी स्कॉलरशिपच्या जादा तासाला सहा मुलं निवडली. त्यांची स्वतःची मुलगी त्यात आहे, रतन नाही. मी शाळेत जाऊन विचारलं. हजेरीपटातून मान वर न करता म्हणाले, "गणित कच्चं आहे तिचं. घरी कोणी बघणारं नाही का?"

मला ओळखलं त्यांनी, आणि ओळखूनच बोलले. मान वर करायची हिंमत झाली नाही इतकंच.

आहे म्हणावं घरी बघणारं. त्यांच्या पोरीपेक्षा रतनला एक मार्क जास्त पडला की पुरे. निकालाचा कागद मी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवीन आणि सांगेन, बेताच्या बुद्धीच्या बाईची ही मुलगी. मला दुसरं काही नको.

तुझी बहीण
विजयमाला

•

४ ऑगस्ट १९७१

चि. सौ. बायडास,
अनेक आशीर्वाद. (सासरचं विजयमाला माझ्या हाताला अजून बसत नाही, रागावू नकोस.)

फॉर्म जानेवारीत निघतात. मी आणून ठेवीन, ती काळजी सोड.

बाकीचं वाचून मात्र मन शांत राहिलं नाही. इतकी जुनी गोष्ट तू अजून धरून बसली आहेस हे मला ठाऊक नव्हतं. सूर्यभान मास्तर तसे वाईट गृहस्थ नसावेत. माणूस तरुणपणी काहीबाही बोलतो, मधले लोक त्यात आपली भर घालतात. तो विषय सोडून दे.

आणि राग आला म्हणून मुलीला शिकवायला बसू नये. शिकवायचंच असेल तर तिला काय हवं ते आधी बघ. शाळेतली पुस्तकं सगळी नवी आली आहेत असं ऐकतो. तेवढी मागवून घे, शाळेत मिळतील.

इथं महिला मंडळात पंधरा ऑगस्टला मुलींच्या शिक्षणावर बोलायला मला बोलावलं आहे. चार मुद्दे काढतो आहे.

तुझा दादा
राधाकृष्ण

•

२६ सप्टेंबर १९७१

ती. स्व. दादास, सा. न.

तुझे चार मुद्दे तुझ्या मंडळाला सांग. इथं काय चाललंय ते मी सांगते.

ओसरीवर शाळा भरते. नांगराचा जुना फाळ आढ्याला टांगला आहे, साडेदहाला मी तो वाजवते. रतन शेजारच्या खोलीतून दप्तर घेऊन येते, प्रार्थना म्हणते. हजेरी घेते मी. एकच नाव असलं म्हणून काय झालं, शिस्त ती शिस्त. ती "हजर, बाई" म्हणते. शाळेच्या वेळात आई म्हणायचं नाही असं ठरवून दिलं आहे. चुकलं तर उभं राहायचं, पुन्हा चुकलं तर पट्टी.

बसवते रस्त्याकडं तोंड करून. मास्तर सायकलवरून सकाळ-संध्याकाळ जातात, त्यांना दिसायला हवी. मोठ्यानं पाढे म्हणायला लावते. पावकी, निमकी, दिडकी झाली, औटकी चालू आहे. तुला औटकी येते का रे? साडेतीनचा पाढा. मला अजून झोपेतून उठवलं तरी येतो. माझी सगळी जुनी पुस्तकं पेटीत होती, तीच काढली. मण, शेर, छटाक, मैल, फर्लांग, सगळं पक्कं करून घेते आहे.

नव्या पुस्तकांचं म्हणशील तर ती आली. मागच्या आठवड्यात मास्तरांची मुलगी गाठोडं घेऊन दारात उभी. "बाबांनी रतनसाठी दिलीत." म्हणजे बघ. आधी हाकलायचं, मग भीक घालायची. पोरीसमोर काही बोलले नाही. गाठोडं घेतलं आणि न सोडता कणगीवर टाकलं. मी ज्या पुस्तकांवर केंद्रात तिसरी आले ती माझ्या मुलीला पुरे आहेत.

पोरी दुपारी हिला सागरगोटे खेळायला बोलवायच्या. बंद केलं. शाळेतल्या पोरी आहेत, इथलं तिथं जाऊन सांगतील.

रतनचे वडील सुरुवातीला काही बोलले नाहीत. परवा म्हणाले, "तुजा राग मास्तरवर हाय तर मास्तरला बोल. पोरीला कशापायी कोंडून घालतीस?" मी म्हटलं, तुम्ही बैलांचं बघा. ते बैलांचं बघायला गेले.

विजयमाला

•

२७ ऑक्टोबर १९७१

चि. सौ. बायडास, अ. आ.

भाऊबीजेला येऊन परत आलो. ओवाळलंस, गोड केलंस, सगळं छान झालं, पण तुझ्या ओसरीवरचा तो फाळ माझ्या डोक्यात अजून वाजतो आहे.

लिहू की नको असं करत लिहितो. शाळेत घंटा असते कारण तिथं दीडशे मुलं असतात. एका मुलीला घंटा कशाला? घर हातात असताना तू त्याची शाळा केलीस, आणि शाळेतलं जे त्रासाचं तेवढंच घरी आणलंस. पट्टी आणलीस, हजेरी आणलीस, मैत्रिणी तेवढ्या शाळेतच राहिल्या. तिला कोणी परक्या माणसाकडून तपासून घे. तू शिकवणार, तूच परीक्षा घेणार आणि तूच शाबास म्हणणार, यात तिला किती येतं ते कसं कळायचं?

मी निघताना रतन एसटीपर्यंत आली होती. वाटेत म्हणाली, "मामा, आई मला दिसभर बाई म्हनायला लावती. मंग मला लागलं-खुपलं तर सांगू कुनाला?" मी तिला शेंगदाण्याची चिक्की घेऊन दिली. दुसरं काय करणार?

तुला आणखी एक सांगायचं होतं. ताट हातात घेऊन तू समोर होतीस तेव्हा अगदी तोंडापर्यंत आलं होतं. पण मुलं होती भोवती. असो.

राधाकृष्ण

•

१३ फेब्रुवारी १९७२

ती. स्व. दादास, सा. न.

फॉर्म भरून पाठवला आहे. भाऊबीजेनंतर मी पत्र घातलं नाही, कारण तुझ्या चिक्कीचा मला राग आला होता. तोंडापर्यंत काय आलं होतं ते तसंच गिळलंस ते बरं केलंस. आणखी एक उपदेश असणार.

रतन आता रडत नाही. विचारलं की ताडकन उत्तर देते. देऊन झालं की गप्प. पूर्वी किती बोलायची, आठवतं? आता कामापुरतं बोलते. अभ्यासाला हेच चांगलं.

परवा काय झालं ते सांगते. मास्तर सायकलवरून चालले होते, ओसरीशी उतरले. एक पाय जमिनीवर ठेवून रतनला विचारतात, "बाळ, साडेसात किलोचे ग्रॅम किती?" पोर माझ्याकडं बघायला लागली. तिला त्यांनी शब्दात पकडायला बघितलं, माझ्या दारात, माझ्यासमोर. मला छप्पन साली असेच पाढे विचारले होते. मी रतनला आत घेतलं आणि दार लावलं. बराच वेळ ते तिथंच उभे होते. नंतर सायकलचा आवाज आला.

रतनचे वडील आतून म्हणाले, "किलोचं खरंच कुटं शिकवलंयस तिला? बाजारात समदं किलोवरच हाय की आता." मी म्हटलं, बाजाराची परीक्षा नाही द्यायची तिला.

दीड महिना राहिला. एक मार्क, दादा. मला फक्त एक मार्क जास्त हवा आहे.

विजयमाला

•

५ जून १९७२

दादा,

निकाल लागला. रतन गणितात नापास झाली. शंभरात एकोणीस. बाकी सगळे विषय सुटले. मास्तरांची मुलगी केंद्रात पहिली.

रतन सांगते की पेपरात शेर नव्हता, मण नव्हता, मैलसुद्धा नव्हता. सगळं किलो आणि लीटर आणि मीटर, आणि आकड्यांच्या मध्ये टिंबं. टिंब आलं की ते गणित तिनं सोडून दिलं. शेवटचा अर्धा तास हात मांडीवर ठेवून बसून होती म्हणे. पेपर कळला नाही हे तिनं एप्रिलातच मला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी पट्टी घेईन असं वाटलं असेल.

हे सगळं त्यांच्यामुळं. त्यांनी तिला शाळेत नीट ठेवली असती तर हे झालं नसतं. मी आता सोडणार नाही.

सोबत अर्जाची नक्कल आहे. पंचायत समितीत शिक्षणाचे जे साहेब असतात त्यांच्या नावानं. लिहिलं आहे की हेडमास्तरांनी जुन्या आकसापायी मुलीला शाळेतून काढायला भाग पाडलं आणि मागूनही नवी पुस्तकं दिली नाहीत. गाठोडं कणगीवर आहे हे आपल्या घरातच राहील. चौकशी लागली की माणसाची सात गावं पलीकडं बदली होते, कदाचित घरीच बसवतात. बसू दे. घरी बसणं काय असतं ते कळू दे त्यांनाही.

आकसाचा साक्षीदार तूच आहेस. निरोप तू आणला होतास. खाली साक्षीदार म्हणून सही कर आणि उलट टपाली पाठव. पुढच्या सोमवारी, बारा तारखेला, मी पारनेरला जाणार. सही आली तर सहीसकट देईन, नाही आली तर तशीच.

विजयमाला

•

९ जून १९७२

चि. सौ. बायडास,

अर्ज सही न करता परत पाठवतो आहे. हे पत्र एकटी असताना वाच.

तो निरोप सूर्यभान मास्तरांनी पाठवलेला नव्हता. त्यांनी सांगितलं होतं की मुलगी पसंत आहे, फार हुशार आहे, लग्न झाल्यावर नगरच्या ट्रेनिंग कॉलेजात घालीन, दोन वर्षांत शिक्षिका होईल. नकार मी कळवला. त्यांना सांगितलं की मुलीलाच पुढं शिकायचं नाही. घरी येऊन तुला दुसरं सांगितलं. बुद्धी बेताची, हे शब्द माझे होते.

आईला मी म्हटलं होतं की पोरगी शहरात एकटी राहणार, लोक नावं ठेवतील. तेही खरं कारण नव्हतं. त्या वर्षी माझी मॅट्रिक दुसऱ्यांदा बुडाली होती. बेताच्या बुद्धीचा असं गावात मलाच म्हणायचे, पारावर, मी ऐकेन अशा आवाजात. धाकटी बहीण शिक्षिका होणार आणि मी बैलांमागं, हे मला सोसलं नाही. लोकांनी माझ्यावर टाकलेलं मी तुझ्यावर टाकलं.

पुढं मी तिसऱ्या खेपेला पास झालो, नोकरी लागली. तुझं चांगलं घर झालं, रतन झाली, वाटलं की विसरलं गेलं. तुझं जुलैचं पत्र आलं तेव्हा कळलं की नाही. तरी वर्षभर बोललो नाही.

त्या माणसाचा काही दोष नाही. अर्ज देऊ नकोस.

राधाकृष्ण

•

३० जून १९७२

चि. सौ. बायडास, अ. आ.

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. माझं पत्र मिळालं का? अर्ज दिला नाहीस ना?

रागावली असशील, तो तुझा हक्क आहे. पण एवढं ऐक. ते पत्र वाचून झालं असेल तर चुलीत घाल. माझं इथं चार लोकांत नाव आहे. महिला मंडळाच्या बाई मला दर कार्यक्रमाला बोलावतात. घरातली गोष्ट घरात राहावी.

राधाकृष्ण

•

२३ जुलै १९७२

दादा,

तुझं पत्र चुलीत घातलं नाही.

ते मला पंधरा तारखेला मिळालं, आणि अर्ज मी बाराला देऊन आले होते. वाचलं आणि दोन दिवस जनावरांच्या गोठ्यात बसून काढले. मग वाटलं पारनेरला जाऊन अर्ज मागं घ्यावा. नंतर म्हटलं, नको. अर्ज आहे तिथंच असू दे, चौकशी होऊ दे. चार लोक जमतील ते मलाही हवेच आहेत.

चौकशी चौदा जुलैला आमच्या शाळेत झाली. साहेब जीपनं आले. सोबत कारकून, ग्रामपंचायतीचे दोघं, आणि टेबलाच्या टोकाला मास्तर. वर्षभरात पहिल्यांदाच मी त्यांच्याकडं समोरून बघितलं. केस पांढरे झाले आहेत. हातात रुमालाची घडी करत होते, उलगडत होते.

साहेबांनी विचारलं, बाई, तक्रार तुमचीच ना? मी म्हटलं, माझी, आणि खोटी. खोटी का झाली ते वाचून दाखवते. आणि तुझं पत्र काढून पहिल्या ओळीपासून वाचलं. सावकाश, मुलांना धडा वाचून दाखवावा तसं. मॅट्रिक दोनदा बुडाली ते वाचलं. पारावर काय म्हणायचे ते वाचलं. खाली तुझं नाव वाचलं आणि तू राहुरीत कुठं कामाला आहेस तेही तोंडी सांगितलं. साहेब म्हणाले, नक्कल द्या. मी म्हटलं, मूळच ठेवा फायलीत. नक्कल मी आधीच केली आहे, ती तुझ्या तिथल्या महिला मंडळाच्या बाईंना गेली. अक्षर माझं, शब्द तुझे.

हे केलं तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस तर भाकरी गोड लागली.

आता मास्तरांचं ऐक. माझं वाचून झालं तेव्हा त्यांनी रुमाल टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ती मुलगी तुम्ही?" त्यांना ठाऊकच नव्हतं. माहेरचं नाव गेलं, आडनाव गेलं, आणि एवढ्या वर्षांनी माणूस पदर घेतलेल्या बाईला कसा ओळखणार? मी वर्षभर ज्याला दाखवण्यासाठी पोरीला रस्त्याकडं तोंड करून बसवली, त्याला मी कोण हे माहीत नव्हतं. म्हणाले, "त्या मुलीला शिकायचं नाही असं कळलं, तेव्हा मला वाईट वाटलं होतं." एवढंच. माझ्यावर रागावले असते तर सोपं गेलं असतं.

मी गाठोडं बरोबर नेलं होतं. साहेबांसमोरच सोडलं. गणिताच्या पुस्तकात पानापानावर पेन्सिलीनं खुणा होत्या, काय आधी घ्यायचं, काय नंतर. आत चिठ्ठी होती. "रतनच्या आईस, जुनी मापं आता परीक्षेत येत नाहीत. अडलं तर मुलीला संध्याकाळी पाठवावे." सप्टेंबरपासून ती चिठ्ठी माझ्या डोक्यावर कणगीवर पडून होती.

रतनचं नाव पुन्हा सातवीत घातलं आहे. तिच्या बरोबरीच्या पोरी पुढं गेल्या, ती धाकट्या पोरींत बसते. जाते मात्र रोज, मी सांगायच्या आधी निघते.

घरात माझ्याशी नीट वागते. पाणी आणते, भांडी घासते, विचारलं की उत्तर देते. फक्त माझ्याकडून शिकत काही नाही. परवा उंबऱ्यात बसून गणित करत होती, दशांशाचं टिंब चुकीच्या जागी पडलेलं मला चुलीपासून दिसलं. ते आता मला येतं, मी गाठोड्यातलं पुस्तक पहिल्या पानापासून केलं आहे. म्हटलं, आण, दाखवते. तिनं वही मिटली. "ऱ्हाऊ दे. उद्या साळंत इचारते." भाकरी थापायलासुद्धा ती चुलतीकडं जाते, माझ्या चुलीला लाकडं असताना.

चौकशीच्या दिवशी ती खिडकीबाहेर उभी होती, मला माहीत नव्हतं. तिनं सगळं ऐकलं. आठ दिवस रोजच्यासारखी शाळेत गेली. काल दप्तर भरता भरता म्हणाली, "मंजी मामाला लोकाचा राग, त्यो त्यानं तुज्यावर काढला. तुला मास्तरचा राग, त्यो तू माज्यावर काढला. मी कुनावर काढू?"

आवाज चढवला नाही तिनं. खरंच विचारत होती. उत्तराची थोडी वाट बघितली आणि शाळेत गेली.

तुला मी धरलं, आणि सोडणार नाही. पण मला तिनं धरलं आहे, आणि त्यातून सुटायला कुठल्या साहेबांकडं अर्ज करू ते मला कळत नाही. तिनं विचारलं त्याचं उत्तर तुझ्याकडं असेल तर मला लिहू नकोस. तिच्या नावानं पत्र घाल.

विजयमाला